पत्रकातली सफरचंदं

पत्रक सायक्लोस्टाइल केलेलं होतं आणि शाई इतकी फिकी उमटली होती, की रुद्राणी हिरेमठनं ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘उन्हाळ्यासाठी सोपा फळांचा गोड पदार्थ – मंदपाक पेटीत, इंधनाची बचत करून.’ खाली साहित्य. सफरचंद अर्धा किलो. नासपती पाव किलो. मनुका, दालचिनी, साखर. दोन पेले पाणी.

तिनं ते पुन्हा एकदा वाचलं. मग सोलापूरच्या तालुका ऑफिसात, मासिक बैठक संपून बाकीच्या ग्रामसेविका पिशव्या उचलत असताना, ती विस्तार अधिकारी कमलाकर पुराणिकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

“साहेब, मे महिन्यात सफरचंद कुठून आणायचं?”

पुराणिकांनी चष्म्यावरून पाहिलं. “पत्रक वरून आलंय, हिरेमठबाई.”

“ते खरं, पण माझं गाव वळसंगच्या पलीकडं. तिथं सफरचंद औषधालासुद्धा मिळत नाही. त्यात रेल्वेचा संप.”

“आपण राबवायचं असतं, बाई. शंका काढत बसलं तर काम कसं होणार? बावीस तारखेला प्रात्यक्षिक. किमान पंधरा महिला हव्यात, सह्या किंवा अंगठे. चार वाजता मी स्वतः येतो.”

रुद्राणी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. माहेर अक्कलकोटचं. नोकरीला चार वर्षं झाली होती. त्यातली दोन दुष्काळात गेली, सुकडीच्या रांगा लावण्यात आणि दुधाची भुकटी कालवण्यात. तेव्हा कामाचा शीण यायचा, पण संध्याकाळी कुणाच्या तरी पोटात काहीतरी गेलेलं असायचं. आता पाऊस बरा झाला होता, आणि वरून पत्रकं यायला लागली होती.

मंदपाक पेटी म्हणजे काय, तेही पत्रकात दिलं होतं. लाकडी खोक्यात चारी बाजूंनी वाळलेलं गवत दाबून भरायचं, मध्ये पातेल्याएवढी जागा ठेवायची. पदार्थाला चुलीवर एक उकळी आणायची, झाकण घट्ट बसवून पातेलं तसंच पेटीत ठेवायचं, वर उशी, उशीवर फळी. पाच तासांत आतल्या आतच शिजतं. युक्ती वाईट नव्हती. रुद्राणीला ती मनातून आवडलीसुद्धा होती, आणि म्हणूनच तिचा जास्त संताप होत होता. गोष्ट चांगली होती, पण जिनं कुणी ती लिहून काढली होती, तिनं गाव पाहिलेलं नव्हतं.

खोकं मिळालं. किराणा दुकानातली चहाची रिकामी पेटी, कडांना पत्रा मारलेली. गवताचं मात्र अडलं.

महिला मंडळ भरायचं ते गौरम्माच्या सोप्यात. गौरम्मा पन्नाशीची, घरात दोन म्हशी, एक बैलजोडी, आणि गावात तिच्या शब्दाला वजन. रुद्राणीनं गवत म्हटल्याबरोबर ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“बेड, बेड! नको बाई. परवापर्यंत छावणीत जनावरं बांधली आमी. कडब्याची एक पेंडी बघायला मिळंना झालती. आन् आता तू ती खोक्यात कोंबाय मागतीस? कशापायी? तर गोड खायला!”

“मावशी, इंधन वाचतं हो.”

“कसलं इंधन? तुराट्या हाईत, पऱ्हाट्या हाईत, गोवऱ्या हाईत. रॉकेल तुमच्या सोलापुरात महाग झालंय. हितं न्हाय.”

रुद्राणीनं याचं उत्तर पत्रकात शोधलं. तिथं ते नव्हतं.

शेवटी तिनं सोलापुरातच, टांग्यांच्या अड्ड्याजवळ बसणाऱ्या गवतवालीकडून दोन भारे घेतले आणि पोत्यात भरून एस.टी.त चढवले. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं. शेजारच्या माणसानं वळसंगपर्यंत मान खाजवली आणि दर दोन मिनिटांनी तिच्याकडं पाहिलं. उतरताना पोतं दारात अडकलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, म्हस बी आणायची की संगं!”

बस हसली. रुद्राणी हसली नाही.

प्रात्यक्षिकाच्या आधी एकदा करून पाहावं, म्हणून शनिवारी ती मुद्दाम गावात आली. सफरचंदाच्या जागी कैरी घ्यायची, हे तिनं एस.टी.तच ठरवलं होतं. गौरम्माच्या परसातल्या झाडाच्या कैऱ्या अजून आंबट आणि टणक होत्या. तिनं साली काढल्या, फोडी केल्या, गूळ घातला, उकळी आणली, पातेलं पेटीत ठेवलं, उशी दाबली आणि शाळेत एक काम होतं तिकडं गेली.

तासाभरानं परतली, तर सोप्यात गौरम्माची थोरली म्हैस उभी होती. दावं तोडून आली होती. पेटी आडवी पडली होती, उशी उंबऱ्याशी, पातेलं भिंतीला जाऊन टेकलेलं. गुळाचा ओघळ जमिनीवरून गटारीकडं निघाला होता. म्हशीच्या तोंडातून गवताच्या काड्या लोंबत होत्या आणि ती शांतपणे रवंथ करत होती.

गौरम्मा आतून आली. तिनं एकदा म्हशीकडं पाहिलं, एकदा पेटीकडं.

“येनव्वा इदु?” ती म्हणाली. हे काय गं बाई, म्हणून. मग तोंडाला पदर लावून इतकी हसली, की तिला जोत्यावर बसावं लागलं.

रुद्राणीनं पातेलं उचललं. त्याला एका बाजूनं पोचा पडला होता आणि झाकण आता घट्ट बसत नव्हतं. ते पातेलं तिचं स्वतःचं होतं, सरकारी नव्हे.

“मावशी, तुमची म्हैस बांधून ठेवायला काय झालं होतं?”

“सोप्यात गवत मांडून ठेवल्यावर म्हशीनं काय करावं? पूजा?”

हसण्याचा आवाज ऐकून महादेवी दारात येऊन उभी राहिली होती. शेजारच्याच घरातली, तिशीची, रोज दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी. ती फारशी बोलायची नाही. तिनं पेटी सरळ केली, आत हात घालून पाहिलं आणि म्हणाली, “बाई, गवतच लागतं का? की ऊब धरणारं कायबी चालतंय?”

“ऊब धरणारं काहीही चालेल.”

“आमच्या दिराकडं गिरणीतलं वेस्ट हाय. तुटक्या सुताच्या गुंतवळ्या. यंत्रं पुसायला असतंय बगा. गोधडीत भराय आणलंय. म्हस काय ते खात न्हाय.”

दुपारी ती पोतंभर घेऊन आली. मऊ, मळकट पांढऱ्या सुताचे पुंजके, मध्येच हिरवे-लाल धागे. दोघींनी मिळून ते पेटीत दाबून बसवलं. गवतापेक्षा ते कितीतरी चांगलं बसलं. त्या दिवशी पहिल्यांदाच रुद्राणीला वाटलं, की जमेल.

बावीस तारखेला, बुधवारी, ती सकाळच्या गाडीनं आली. नवीन झाकण आणलं होतं. अकरा वाजता सोप्यात सतरा बायका जमल्या. ऊन पत्र्यावर तडतडत होतं. रुद्राणीनं पत्रक समोर ठेवलं, मोठ्यानं वाचलं आणि सफरचंदाच्या ठिकाणी कैरी म्हणाली. नासपती वाचलंच नाही.

“फोडी, गूळ, वेलदोडा. आणि दोन पेले पाणी.” तिनं मोजून पाणी ओतलं.

गौरम्मा पुढं वाकली. “पाणी कशाला?”

“पत्रकात आहे.”

“कैरी आपलं पाणी सोडती की. गूळ पाणी सोडतो. वरनं आनी पाणी घातलंस तर जाईल कुटं ते? तुझ्या पेटीला धुराडं तर न्हाय.”

रुद्राणीचा हात तिथंच थांबला. बाई खरं बोलत होती. अक्कलकोटला आई दर उन्हाळ्यात गुळांबा करायची, मोठ्या पातेल्यात, आणि त्यात थेंबभर पाणी पडलेलं रुद्राणीनं कधी पाहिलं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं. पण चार वाजता पुराणिक येणार होते, वही उघडणार होते. सफरचंदं आधीच नव्हती. निदान पाणी तरी पत्रकाप्रमाणे असावं.

“असू दे,” ती म्हणाली. “असंच करायचंय.”

उकळी आली. पातेलं पेटीत गेलं, उशी दाबली, फळी ठेवली.

“आता चार वाजेपर्यंत उघडायचं नाही. एकदा उघडलं की ऊब जाते.”

पहिल्या दहा मिनिटांत दोघींनी फळीला हात लावला. एकीला वास येतो का बघायचं होतं, दुसरीला खोकं गरम लागतं का ते. अर्ध्या तासानं एक म्हातारी म्हणाली, “मेली आसंल कैरी आत, बगा तरी.” तेव्हा रुद्राणी उठली आणि सरळ फळीवर जाऊन बसली.

ती तशीच बसून राहिली. बायका एकेक करून उठल्या. कुणाला पाणी भरायचं होतं, कुणाला भाकरी घेऊन शेतात जायचं होतं. “चारला येतो बाई,” म्हणून गेल्या. पत्र्याच्या कडा मांडीला टोचत होत्या. घाम पाठीवरून खाली उतरत होता. दोन वाजता गौरम्मानं ताकाचा तांब्या दिला आणि म्हणाली, “चुलीवर अर्ध्या तासात झालं आसतं.” रुद्राणीनं ताक पिऊन तांब्या परत दिला. आपण चार वर्षं शिकलो, परीक्षा दिली, ते एका चहाच्या खोक्यावर बसून राखण करण्यासाठी, असं तिच्या मनात आलं.

चार वाजले. अकराजणी परत आल्या. पुराणिक आले नाहीत. साडेचार झाले. पाच झाले. बायका चुळबुळ करू लागल्या; धारा काढायच्या होत्या.

“उगडा की बाई.”

तिनं उघडलं. पातेलं अजून हाताला चटका देत होतं. झाकण काढताच गोड, आंबट, वेलदोड्याचा वास सोप्यात पसरला आणि सगळ्या पुढं वाकल्या. फोडी अख्ख्या राहिल्या होत्या, काचेसारख्या पारदर्शक, आणि एखादी बोटानं दाबली की लोण्यासारखी विरघळत होती. असं चुलीवर कधी होत नाही. चुलीवर फोडी मोडतात, खाली लागतं.

पण त्या सगळ्या फोडी पिवळसर पाण्यात तरंगत होत्या.

“कडण झालं की हे,” एकजण म्हणाली.

“फोडी चांगल्या हाईत,” महादेवी म्हणाली.

“फोडी चांगल्याच. पाण्यात पोहायलाच निगाल्यात.”

गौरम्मानं एक फोड खाल्ली, बोट चाटलं आणि रुद्राणीकडं पाहिलं. तिनं सकाळचं बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं रुद्राणीला वाटलं. राग गौरम्माचा नव्हता, पुराणिकांचाही नव्हता. सकाळी हातात पेला होता, तेव्हा तिला माहीत होतं. माहीत असून तिनं तो ओतला होता.

बायका फोडी खाऊन गेल्या. पातेल्यात पाणीच उरलं. साडेसहाला जीप आली, तेव्हा सोप्यात गौरम्मा, महादेवी आणि रुद्राणी तिघीच होत्या.

पुराणिक उतरले, घाम पुसत आत आले. “उशीर झाला. महिला कुठायत?”

“चार वाजता होत्या, साहेब.”

“हं.” त्यांनी वही उघडली. “सफरचंद?”

“कैरी वापरली.”

“नासपती?”

“नाही.”

“मग हे पत्रकाप्रमाणे झालं नाही, हिरेमठबाई. मी काय लिहू?”

रुद्राणीनं दिवसभर तोंड आवळून धरलं होतं. आता ते सुटलं.

“लिहा, की कैरी घरच्या झाडाची होती म्हणून वापरली. लिहा, की गवत म्हशीनं खाल्लं म्हणून गिरणीतलं सूत भरलं, आणि ते गवतापेक्षा चांगलं ऊब धरतं. लिहा, की पत्रकात पाणी जास्त आहे. मी पाच तास या पेटीवर बसलेय, साहेब. तुम्ही अडीच तास उशिरा आलात. निदान चव तरी घ्या.”

पुराणिक थोडे वरमले. “मला आंबट चालत नाही. पित्त आहे,” ते म्हणाले. मग वहीकडं बघत हळूच, “तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण वर जो फॉर्म जातो, त्यात कैरीला रकाना नाही. पुन्हा घ्या प्रात्यक्षिक. सफरचंदांचं मी बघतो.”

तेवढ्यात गौरम्मानं पातेल्यातलं उरलेलं पाणी माठातल्या पाण्यात मिसळलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि तांब्या भरून बाहेर नेला. जीपचा ड्रायव्हर मल्लप्पा सावलीला बसला होता. त्यानं एक पेला प्यायला, मग दुसरा, मग तिसरा.

“लई झ्याक पन्हं हाय मावशी,” तो ओरडून म्हणाला. “उन्हाचा ताप उतरला की!”

पुराणिकांनी ऐकलं. वहीत काही लिहिलं नाही.

त्यांनी शब्द मात्र पाळला. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी कंडक्टरच्या हाती कागदी पिशवी पाठवली. संप मिटला होता. पिशवीत तीन सफरचंदं होती. एक देठाशी काळं पडलं होतं. रुद्राणी ती घेऊन गौरम्माच्या सोप्यात पोचली, तेव्हा पंधरा-सोळाजणी बसल्या होत्या. सफरचंदं बघून त्यांचे चेहरे उतरले.

“कोण आजारी हाय?” गौरम्मानं विचारलं.

“कुणी नाही, मावशी. शिजवायचीत.”

“सफरचंद शिजवून?” गौरम्मानं एक हातात घेतलं, वास घेतला. “अगं, हे डॉक्टर सांगतो तवा आणतात. महादेवीची सासू, रत्नम्मा, पंदरा दिस झाले आतरुणावर हाय. तोंडाची चव गेलीया. आन् तू हे गुळात घालणार?”

महादेवी मान खाली घालून बसली होती. ती काही मागत नव्हती. रुद्राणीनं तिच्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं, मग घडी झालेल्या त्या पत्रकाकडं.

“घेऊन जा,” ती म्हणाली. “काळं पडलंय तेवढं कापून टाक.”

“बाई, तुमचं काम—”

“घेऊन जा म्हटलं ना.”

ते तिच्या तोंडून रागानंच निघालं. महादेवी पिशवी घेऊन गेली आणि पाच मिनिटांत परतली. गौरम्मानं परसातून ओच्यात कैऱ्या आणल्या. या वेळी रुद्राणीनं पाण्याचा पेला घेतलाच नाही. फोडींना गूळ चोळून त्या तासभर ठेवल्या, आपोआप रस सुटला, त्याच रसात उकळी आणली. पेटी बंद झाली. आज तिच्यावर बसावं लागलं नाही, बायका आपणच एकमेकींना दटावत होत्या, “हात लावू नगा गं, ऊब जाती!”

चार वाजता उघडलं. घट्ट, मधासारखा पाक, त्यात अख्ख्या फोडी. गौरम्मानं दोनदा घेतलं. कुणीतरी घरून ज्वारीची भाकरी आणली आणि तिच्याशी लावून खाल्लं. पातेलं बोटांनी पुसून स्वच्छ झालं. पुराणिक आले नव्हते. त्यांनी फक्त अहवाल पाठवा म्हणून कळवलं होतं.

रुद्राणीनं फॉर्म मांडीवर घेतला. ‘वापरलेले फळ’ असा रकाना होता. तिनं ‘कै’ लिहिलं, थांबली. असं लिहिलं तर तिसऱ्यांदा प्रात्यक्षिक. तिसऱ्यांदा कुणीतरी सफरचंदं पाठवणार, कुणीतरी आजारी असणार. तिनं ‘कै’वर काट मारली आणि ‘सफरचंद’ लिहिलं. चार वर्षांत सरकारी कागदावर ती पहिल्यांदाच खोटं लिहीत होती, आणि तेही इतकं चांगलं झालेलं असताना. खोटं एखाद्या फसलेल्या कामासाठी लिहिलं असतं, तर कदाचित इतकं झोंबलं नसतं.

‘महिलांचा अभिप्राय’ या रकान्यासमोर एकच ओळ होती. तिनं लिहिलं, ‘समाधानकारक.’

अंगठे झाले. सोळा. महादेवीनं अंगठा पुसत विचारलं, “बाई, पेटी हितंच ठिवता का? सकाळी हुलगे उकळून ठिवून शेतावर गेले, तर आल्यावर शिजलेले मिळतील. सासूला बी ऊन ऊन देता येईल.”

पत्रकाचा सगळा खटाटोप ज्यासाठी, ते हे. आणि हे लिहायला फॉर्ममध्ये ओळच नव्हती. रुद्राणीनं फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिथं लिहावं म्हणून तिनं पेन टेकवलं, मग वाटलं, कोण वाचणार आहे, आणि वाचलं तर विचारतील, हुलग्यांचं पत्रक कुणी पाठवलं होतं?

“ठेव,” ती म्हणाली. “सूत तर तुझंच आहे.”

“आन् पातेलं?”

“तेही ठेव. पोचा आहे त्याला एका बाजूनं.”

गौरम्मा तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. जाताना तिनं पदराखालून कैऱ्यांची पिशवी काढून दिली. “घरी कर. आन् पाणी घालू नगंस.”

“नाही घालत हो, मावशी,” रुद्राणी वैतागून म्हणाली.

“रागावतीस का? चांगलं झालतं की आज.”

“म्हणूनच तर.”

गौरम्माला ते कळलं नाही. लांबून धुरळा दिसला. एस.टी. आली ती खचाखच भरून. फॉर्म चुरगळू नये म्हणून तिनं तो ब्लाउजच्या आत खोचला, कैऱ्यांची पिशवी डोक्यावरच्या फळीवर कशीबशी कोंबली, आणि सोलापूर येईपर्यंत एका हातानं दांडा धरून उभी राहिली.